चपटा दगड

१८ डिसेंबर, बुधवार

शिरूरच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली ती दिलीच, वर ही डायरी मागे लावून दिली. म्हणाले, राग आला की आधी वहीत लिहायचं, मग माणसाला बोलायचं. अनिताने घरी आल्याआल्या कपाटातून ही काढली. खताच्या कंपनीची, मागच्या वर्षीची, पानोपानी टोमॅटोचं चित्र. वार जुळत नाहीत, ते मी खोडून लिहिणार आहे.

पहिला राग अनितावरच. अंगणवाडीत चाळीस पोरं गप्प बसवते, तशी मलाही बसवायला बघते. डॉक्टरांसमोर म्हणाली, हे फक्त सायकलवर असताना गप्प असतात. खोटं आहे. सायकलवरही मी बोलतो, फक्त तिला ऐकू येत नाही.

दुसरा राग गेल्या वर्षीच्या शर्यतीचा. शिरूर–न्हावरे–चौफुला–दौंड. रस्ता बंद वगैरे काही नाही. आपण सायकल मारायची आणि अंगावरून एसटी, कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या जायच्या. जोडीने उतरायचं असतं आणि दोघांतला मागचा पोचेल ती वेळ धरतात. मी आणि शोएब एकेचाळीस सेकंदांनी दुसरे आलो. पाटसजवळ माझी चेन पडली होती. शोएबने थांबून बसवून दिली, मी तोवर पुढे गेलेल्या पुण्याच्या जोडीला शिव्या घालत होतो. शोएब अजून म्हणतो, शिव्या घातल्या नसत्या तर आपणच पहिले होतो.

शोएब माझा शाळेपासूनचा दोस्त. न्हावऱ्यात त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. या पट्ट्यातल्या अर्ध्या विहिरींवरची मोटर त्याच्या हातून भरून गेलेली आहे. यंदा २ फेब्रुवारीला शर्यत आहे आणि यंदा आम्ही जिंकणार आहोत. हे रागाने नाही लिहिलं, पण लिहून ठेवतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

पहाटे न्हावऱ्याहून पारगावच्या पुलापर्यंत जाऊन आलो. थंडीने बोटं वाकेनात. येताना एका उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या अंगाला मी जवळजवळ जाऊन भिडलो. मागे लाल रेडियमचा तुकडासुद्धा नाही. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने की माझा आवाज ड्रायव्हरला ऐकूच गेला नाही. मग मी अर्धा किलोमीटर त्याच्या बरोबरीने सायकल मारत त्याला सुनावलं.

शोएब मागून शांतपणे आला आणि विचारलं, तुझ्या ट्रॉलीला हाय का रेडियम? म्हटलं, लावायचंय. माझी गोष्ट वेगळी आहे, आमचा ड्रायव्हर संपत गाडी हळू चालवतो.

५ जानेवारी, रविवार

आमच्या उसाची तोड आली. आली म्हणजे काय, टोळीच्या मुकादमाच्या वीस दिवस पाया पडल्यावर आली. चार-पाच दिवस सायकल बंद. ऐन सरावाच्या वेळेला हे.

संध्याकाळी भरून निघालो तर न्हावऱ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या पुलावर, मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं. जिथं रस्ता निम्मा होतो नेमकं तिथंच. संपतने मागेपुढे दगड लावले. जॅक धसायला लागला. तेवढ्यात शोएब कुणाची तरी मोटर उतरवून मोटारसायकलवरून येत होता, तो थांबला. ओढ्यात उतरून एक चपटा दगड घेऊन आला, जॅकखाली दिला, मग जॅक बसला. घरी पाहुणे होते म्हणून तो लगेच गेला. एक पिकअपवाला इतक्या जवळून घासून गेला की माझ्या शर्टाला वारा लागला. त्याच्या सात पिढ्या काढल्या. स्टेपनी चढवली. संपत म्हणाला, मालक, ह्ये? म्हटलं चल आता, कारखान्याच्या काट्यावरचा नंबर जाईल, लोक करतात कडेला. कारखान्यावर गेलो तर नंबर गेलेलाच होता. तिथल्या माणसाशी भांडलो. घरी येऊन हे लिहिता लिहिता अनिताने गरम केलेली भाकरी तिसऱ्यांदा गार केली.

टोमॅटोचं चित्र बघून डोकं उठतं.

९ जानेवारी, गुरुवार

शोएब पडला.

मी बरोबर नव्हतो, तोड चालू. तो एकटाच पावणेसहाला निघाला होता. साडेसहाला त्याच्या बायकोचा, तहमीनाचा फोन. फोनवर ती रडली नाही, फक्त म्हणाली, दादा, शिरूरला या. डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, कोपर सोललंय. ओढ्याच्या पुलावर कुणीतरी दगड टाकलेले, अंधारात पुढचं चाक त्यावर गेलं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे हात हलवायचा नाही. वायंडिंगवाल्याला हात हलवायचा नाही म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला कुणी सांगावं?

शर्यत गेली. पण शर्यतीचं राहू दे. ही माणसं आहेत तरी कोण? यांची ट्रॉली बंद पडते, हे दगड लावतात, काम झालं की दगड तसेच टाकून निघून जातात, जसं काही रस्त्याला आंदणच दिलेत. चार दगड उचलायला कंबर मोडते यांची. मागून येणारा मेला तरी चालेल. दवाखान्यात मी हे सगळं मोठ्याने बोललो. नर्सने बाहेर काढलं. शोएब खाटेवरून माझ्याकडे बघत होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्याने. मी बाहेरून ओरडून सांगितलं, तू काही बोलू नको, पडून राहा, त्या माणसाला मी शोधून काढतो.

आता हे लिहिलंय तरी राग तसाच आहे. डॉक्टरांची युक्ती काही कामाची नाही.

११ जानेवारी, शनिवार

शोएबला घरी सोडलं. त्याचं दुकान पुढे आणि घर मागे. आत शिरताना दाराला लावलेल्या दगडाला माझ्या अंगठ्याची ठेच लागली, नख काळं पडलं. म्हटलं, हा काय धोंडा आणून ठेवलाय वाटेत? शोएबची आई खातूनचाची म्हणाल्या, वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून त्यानेच सायकलबरोबर आणायला लावला.

हात गळ्यात बांधून शोएब बसला होता. चेहरा उतरलेला. मी त्याला सगळं सांगितलं, पोलिसांत अर्ज देणार, सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार, पुलावर पाळत ठेवणार. तो म्हणाला, रव्या, तू जरा बस. बसायला वेळ कुणाला आहे. त्याच्याच न्यायासाठी धावतोय मी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ग्रुपवर लिहिलं: "ज्याने ओढ्याच्या पुलावर दगड टाकले त्याने स्वतःहून समोर यावं. नाहीतर मी त्याला दौंडला शर्यतीच्या स्टेजवर, माइकसमोर उभा करीन." एकशे बारा जणांनी अंगठा दिला. ग्रुपचा प्रमुख सत्यजीत म्हणाला, रविराजभाऊ, असा माणूस तालुक्याला पाहिजे.

अनिता म्हणाली, तीळगूळ खा आणि गोड बोला. खाल्ला.

१९ जानेवारी, रविवार

सापडला. ग्रुपवर एकाने कळवलं की राहू गावच्या एका म्हाताऱ्याचा विटांचा ट्रॅक्टर त्या पुलावरून रोज जातो आणि एकदा तिथं उभा दिसला होता. नाव हौसराव. मी गोळी न घेताच निघालो.

राहूच्या चौकात चहाच्या हॉटेलात बसला होता. साठीचा, टोपी, हाताला विटांची धूळ. सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं मी त्याला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, अनिता ही डायरी वाचते. लोक जमले. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "पावणं, माझं दगड माझ्यासंगं असत्यात. या, दावतो."

ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात पेटी केलेली. तिच्यात चार दगड, लाल-पांढरे पट्टे मारलेले. म्हणाला, बायकोने रंगवून दिलेत, गाडी निघाली की मोजून आत टाकतो. वर मलाच विचारतो, "तुमच्या ट्रॉलीत कुठं ठिवता तुम्ही?"

असल्या माणसांना विषय बदलायची सवयच असते. मी बदलू दिला नाही. दगड रंगवले म्हणजे माणूस धुतला जात नाही, असं सांगून आलो. येताना ट्रॉलीचा फोटो काढला आणि नावासकट ग्रुपवर टाकला. घरी आलो तेव्हा छाती धडधडत होती, पण बरं वाटत होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

संपत चार दिवस नीट बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, काय न्हाई मालक. यालाही कसलातरी राग असणार. आजकाल सगळ्यांना कसला ना कसला राग असतो.

शोएबचा निरोप आला, राहूचं प्रकरण सोडून दे. हा त्याचा मोठेपणा. मी सोडणार नाही. एकट्याची वेळ धरत नाहीत, तरी मी आता एकट्याने उतरणार आहे, त्याच्या नावाने. सकाळी केंदूरचा चढ दोनदा मारला, पाय चांगले चालतायत. रागाने पाय चांगले चालतात.

३० जानेवारी, गुरुवार

हे नीट लिहायचं ठरवलंय.

शर्यतीचे नंबर मिळाले. त्यातला शोएबचा नंबर मी पाठीवर लावू का, हे विचारायला न्हावऱ्याला गेलो. तो एका हाताने मोटर भरत होता, तहमीना तार धरून समोर बसलेली. हौसरावला कोण काय म्हणालं, कुणी त्याला रस्त्यात अडवलं, हे मी हातवारे करून सांगत होतो. सांगता सांगता पाय दाराच्या दगडाला लागला आणि तो उलटा झाला.

खालच्या अंगाला काळ्या ग्रीसचा चौकोनी ठसा. आमच्या जॅकच्या बुडाचा एक कोपरा तुटलेला आहे. ठशाचाही तुटलेला होता.

तहमीना तार खाली ठेवून आत गेली.

"ह्यो कुठला?" मी विचारलं.

"पुलावरचा. त्याच्यावरच चाक गेलं."

"तुला म्हाईत हुतं?"

"मीच आणला हुता वड्यातनं. वळखणार न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाईस?"

शोएबने हातातली तार ठेवली. इतक्या वर्षांत त्याला असा रागावलेला मी पाहिला नव्हता. आवाज चढला नाही त्याचा, उलट खाली आला. "दवाखान्यात बोलणार हुतो. तू वरडत आलास. घरी दगड ठिवला, म्हटलं बघंल. तू ठेच खाल्लीस आन् वरडत गेलास. राहूच्या म्हाताऱ्याचं मला ग्रुपवर कळलं. रव्या, म्या बोलायला तू जागा ठिवलीस कवा?"

मग तो असंही म्हणाला, की नंतर नंतर त्याला बघायचंच होतं, माझं मला कधी कळतंय. एकवीस दिवस झाले, म्हणाला.

मी त्याच्यावर चिडलो. हे लिहायलाच हवं. गाडी काढेपर्यंत मी त्याच्यावर चिडलेला होतो, की दोस्त असून मला एवढं पुढे जाऊ दिलं. घरी येऊन ही डायरी उघडली, ५ जानेवारीचं पान काढलं. माझंच अक्षर. लोक करतात कडेला. पिकअपवाल्याच्या सात पिढ्यांच्या आणि काट्यावरच्या भांडणाच्या मध्ये ते एक वाक्य. डॉक्टरांनी राग लिहायला सांगितला होता, म्हणून रागाचं सगळं बारकाईने लिहिलंय आणि दगडांचं नुसतं जाता जाता.

संपतला विचारलं. तो त्या पुलावरून चार दिवस रोज ये-जा करत होता, दगड चुकवून. म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय. म्हणूनच वरडताय."

१ फेब्रुवारी, शनिवार

राहूला जायचं होतं. गेलो नाही. सायकलला तेल, हवा, नंबर लावणं, असली कामं दिवसभर पुरवली.

ग्रुपवर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. सत्यजीतचा मेसेज आलाय की उद्या दौंडला स्टेजवर माझा सत्कार आहे, रस्त्यावरच्या जागरूकतेबद्दल. शाल, नारळ. अनिताने हे वाचलं आणि ३० तारखेचं पानही वाचलं. म्हणाली, बीपी मोजायचं का? म्हटलं नको.

२ फेब्रुवारी, रविवार

शिरूरहून साडेसहाला सुटलो. एकशे चाळीस सायकली. न्हावऱ्यापर्यंत पहिल्या बारा जणांत होतो. पुण्याची ती जोडी माझ्या पुढेच, आणि खरं सांगतो, त्यांच्या मागे चिकटून मी दौंडपर्यंत गेलो असतो. ओढ्याच्या पुलावर खाली बघितलं नाही.

पारगावच्या पुढे लांबून एक विटांची ट्रॉली दिसली, रस्त्यातच बसलेली. मागे वीस पावलांवर चार दगड, लाल-पांढरे. आणि त्या दगडांच्याही मागे हौसराव लाल फडकं घेऊन उभा, येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हाताने उजवीकडे काढून देत होता. त्याने मला ओळखलं. मलाही तसंच उजवीकडे काढून दिलं.

मी पुढे गेलो. शंभरेक पावलं गेलो असेन. पुण्याची जोडी लांब जाताना दिसत होती. मग ब्रेक दाबला आणि सायकल वळवली. येणारे मला शिव्या घालत होते, उलटा आलो म्हणून. त्यांचं बरोबर होतं.

काय झालं विचारलं. हौसराव म्हणाला, पहाटे पारगावात चहाला थांबलो होतो, तेवढ्यात कुणीतरी दोन चाकांची हवा काढली. निम्मीच निघाली असावी, इथवर आल्यावर बसली. "सायकलीवरची पोरं हुती," तो म्हणाला. "तुमच्यातलीच. आता तुमची शर्यत म्हटल्यावर इथं उभा ऱ्हायलो. कुणी धडकायला नको."

माझ्याच फोटोवरून त्याला ओळखलं असणार. ट्रॉली, नाव, गाव, सगळं मीच पुरवलेलं.

"दगड माझं हुतं," मी म्हटलं. "वड्याच्या पुलावरचं. माझी ट्रॉली हुती."

एक एसटी गेली, मग तीन सायकली. तिघांनाही त्याने नीट बाजूला काढलं. मग फडकं माझ्या हातात दिलं. "धरा. म्या हवावाला घिऊन येतो." रस्त्याने येणाऱ्या एका मोटारसायकलवर मागे बसून तो निघून गेला.

सव्वा तास मी तिथं उभा होतो. घट्ट कपडे, पाठीवर शोएबचा नंबर, हातात फडकं. ग्रुपमधले एकेक येत होते. सत्यजीतने वेग कमी करून विचारलं, रविराजभाऊ, ह्याच्या गाडीसाठी तुम्ही कशाला? मी ओरडून सांगितलं, दगड माझे होते, ह्याचे नव्हते. त्याला कळलं नसावं. तो अंगठा दाखवून गेला. मग प्रत्येकाला सांगत गेलो, अकरा जणांना. दोघांनी वळून बघितलं. एक जण हसला. रस्ता मोकळा झाल्यावर फोन काढून तेच ग्रुपवर लिहिलं, हौसरावच्या ट्रॉलीच्या फोटोखाली, आणि या वेळी पुसलं नाही.

हौसराव हवावाल्याला घेऊन आला. चाकं उभी राहिली. दगड मी उचलायला गेलो तर तो बाजूला उभा राहून बघत होता. चारही पेटीत ठेवले. त्याने आत डोकावून मोजले. मी माफी मागायला लागलो तेव्हा म्हणाला, "हिथं नगं. हिथं कोण हाय ऐकायला? राहूच्या चौकात या. जिथं वरडला तिथंच सांगा." आणि ट्रॅक्टर चालू केला. उद्या जाणार आहे. संपतलाही घेऊन जाणार आहे, त्यालाही पुष्कळ ऐकवलंय मी.

दौंडला पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. कमान उतरवली होती. स्टेजच्या पायरीवर शोएब एकटा बसला होता, हात गळ्यात, मांडीवर माझी शाल आणि नारळ. म्हणाला, कुणी घ्यायला नव्हतं म्हणून मलाच दिलं.

मी सायकल आडवी टाकली आणि त्याच्या शेजारी बसलो. ग्रुप त्याने वाचला होता. चांगला अर्धा तास मी गप्प होतो, अनिताला हे सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

"उचललंस का म्हाताऱ्याचं दगड?" शेवटी त्याने विचारलं.

"उचललं."

"मोजून?"

"चार."

शोएबने नारळ पायरीवर ठेवला. मी म्हटलं, तो तुझ्या दारातला चपटा मला दे, ट्रॉलीत पेटी करून घेतो, जॅकखाली लागतो.

"त्यो न्हाई मिळायचा," शोएब म्हणाला. "दुसरा हुडक वड्यात. त्यो दारातच ऱ्हाणार. तू आत आलास की ठेच लागाया पायजे."